मदत हवी आहे : जुन्या म्युझिक सिस्टिमच्या रिमोटची झिजलेली बटणे

नमस्कार. माझ्या सासऱ्यांनी १९९८ साली घेतलेली म्युझिक सिस्टिम आमच्या इंदिरानगरच्या घरी अजूनही उत्तम वाजते. दुखणे आहे ते तिच्या रिमोटचे. आवाज वाढवण्याचे बटण आणि १ क्रमांकाचे बटण ही दोन्ही गेल्या वर्षभरात हळूहळू निकामी होत गेली. आधी जरा जोर द्यावा लागे, मग अंगठ्याचे नख रुतवून दाबावे लागे, आणि आता दहापैकी नऊ वेळा काहीच घडत नाही. आवाजासाठी सेटवर गोल बटण आहे, त्यामुळे तेवढ्यापुरते भागते. परंतु रेडिओची साठवलेली स्टेशने केवळ रिमोटवरच्या अंकांनीच लागतात आणि १ वर आकाशवाणीचे नाशिक केंद्र आहे. ते ४ वर हलवून पाहिले, पण सासरे ८१ वर्षांचे आहेत आणि त्यांचा अंगठा पहाटेच्या अंधारात अजूनही १ वरच जातो.

महात्मा गांधी रस्त्यावरच्या दोन दुकानांत चौकशी केली. एकाने टीव्हीला चालणारा सार्वत्रिक रिमोट पुढे केला, दुसऱ्याने सेटच बदलण्याचा सल्ला दिला. या मॉडेलचा नवा रिमोट मिळत नाही हे मात्र दोघांनीही सांगितले, म्हणून आहे त्याचीच डागडुजी करायची असे ठरवले.

आतापर्यंत काय केले ते सविस्तर लिहिते, म्हणजे जाणकारांना अंदाज येईल. सेलच्या खाचेतला एकमेव स्क्रू काढून, कडेच्या फटीतून जुने एटीएम कार्ड फिरवत रिमोट उघडला. आत नेहमीप्रमाणे बटणांची सलग रबरी चटई आणि तिच्याखाली सर्किट बोर्ड आहे. प्रत्येक बटणाच्या पोटाला काळी कार्बनची टिकली आहे, आणि तिच्यासमोर बोर्डावर एकमेकांत बोटे गुंतवलेल्या दोन कंगव्यांसारखे काळे पट्टे आहेत. टिकली टेकली की दोन्ही कंगवे जोडले जातात. चटईच्या खालच्या अंगाला आणि बोर्डाला तेलकट, चिकट थर आला होता. तो आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या कापसाच्या काडीने पुसून काढला आणि १ च्या पट्ट्यांवरचा चिवट डाग शाळेच्या खोडरबराने घासला. मुलाच्या मल्टिमीटरने मोजले तेव्हा, कधीच न दाबलेल्या ‘शफल’ बटणाच्या टिकलीचा रोध सुमारे १२० ओहम, तर आवाजाच्या टिकलीचा पुसण्याआधी ४० किलोओहम आणि पुसल्यानंतर १८ किलोओहम भरला. म्हणजे फरक पडला, पण पुरेसा नाही.

सेल नवे आहेत. फोनच्या पुढच्या कॅमेऱ्यासमोर रिमोट धरून इतर बटणे दाबली की टोकाचा दिवा जांभळट लुकलुकताना दिसतो. बिघडलेल्या दोन्ही बटणांचे पट्टे तारेच्या टोकाने जोडले तरीही तो लुकलुकतो. त्यामुळे चिप शाबूत आहे, असे मी धरून चालले आहे.

त्यानंतर दोन प्रयोग केले आणि दोन्ही फसले. टिकल्यांवर ६बी शिसपेन्सिल घासली, ती जेमतेम आठ दिवस टिकली. मग स्वयंपाकघरातल्या अॅल्युमिनियम फॉइलचे गोल तुकडे कापून झटपट चिकटणाऱ्या गोंदाने टिकल्यांवर बसवले. चौथ्या दिवशी त्यातला एक तुकडा सुटून शेजारच्या बटणाखाली सरकला, रिमोट आपणहून संदेश पाठवत राहिला आणि कोरे सेल दोन दिवसांत संपले. घरात यावर काय काय ऐकून घ्यावे लागले ते इथे लिहीत नाही.

आता माझ्यापुढे दोन मार्ग आहेत. एक म्हणजे वीजवाहक ग्रॅफाइटचा लेप विकत घेऊन टिकल्यांना लावणे, आणि दुसरा म्हणजे कधीच न वापरलेल्या बटणांच्या टिकल्या कापून या दोन बटणांना बसवणे. यांपैकी टिकाऊ कोणता, आणि दुसरा मार्ग निवडल्यास टिकली कशाने चिकटवावी, याविषयी अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १

ताई, दुसरा मार्ग धरा. सिलिकॉन रबरावर सहसा काहीही चिकटत नाही, आणि तुमचे दोन्ही प्रयोग फसण्याचे मुख्य कारण तेच आहे. पेन्सिलीची भुकटी त्या तेलकट पृष्ठभागावर धरत नाही, आणि झटपट गोंद सिलिकॉनला खऱ्या अर्थाने पकडत नाही; उलट त्याच्या वाफेने आजूबाजूला पांढरी बुरशीसारखी पुटे चढतात. फॉइल टिकले असते तरी फार उपयोग झाला नसता. अॅल्युमिनियमवर हवेतच ऑक्साइडचा पातळ रोधक थर तयार होतो, शिवाय त्याची कडक धार बोर्डावरचा कार्बन खरवडते. सिलिकॉनला सिलिकॉनच धरते, म्हणून काचा आणि खिडक्या बसवणारे वापरतात ते सिलिकॉन सीलंट आणा. मात्र नळी घेताना तिच्यावर ‘न्यूट्रल’ असे छापले आहे ना, ते पाहा. स्वस्त प्रकाराला सुकताना व्हिनेगरसारखा वास येतो आणि त्यातले आम्ल तांब्याला गंजवते.

पण चाकू हातात घेण्यापूर्वी एक गोष्ट तपासावी, असे मला आग्रहाने सांगायचे आहे. तारेची तुमची चाचणी चिप चांगली आहे एवढेच सांगते, पट्टे चांगले आहेत हे सांगत नाही. तारेचे टोक कार्बनचा थर भेदून खालच्या तांब्याला टेकते, त्यामुळे थर झिजलेला असला तरी दिवा लुकलुकतोच. त्याऐवजी चटई बाहेर काढून ‘शफल’ची धडधाकट टिकली बोटाने आवाजाच्या पट्ट्यांवर दाबून पाहा, आणि मग १ च्या पट्ट्यांवर. दिवा लागला तर दोष टिकलीचा, न लागला तर पट्ट्यांचा. तुम्ही खोडरबर वापरल्याचे वाचून मला थोडी धास्ती वाटली. सोन्याचा मुलामा असलेल्या पट्ट्यांना ते एक वेळ चालते, परंतु छापलेला कार्बन त्याने निघून येतो.

टिकली कापताना तिच्या पाठीला पांढऱ्या रबराचा अगदी पातळ पापुद्रा राहू द्या आणि जुनी टिकली तेवढ्याच जाडीने छिलून काढा. हे माप चुकले तर बटण एक तर कायमचे दाबलेले राहते किंवा मुळीच टेकत नाही. काही चटयांमध्ये टिकली वेगळी नसते, रबरावर नुसती शाई छापलेली असते. तुमची तशी असेल तर कापण्यात अर्थ नाही. सीलंट टाचणीच्या टोकाएवढेच लावा आणि पूर्ण दिवसभर हात लावू नका. ते हवेतल्या बाष्पाने सुकते, त्यामुळे नाशिकच्या कोरड्या उन्हाळ्यात दोन दिवस थांबलेले बरे.

प्रतिसाद २

वरील प्रतिसादाशी सहमत आहे. लेपाबद्दल विचारले आहे म्हणून एवढेच सांगतो की, सर्वसाधारण वीजवाहक लेप बोर्डावर छान बसतो, पण लवचीक रबरावर काही महिन्यांत तडकून त्याची कवचे निघतात. रबरासाठी घ्यायचाच असेल तर रिमोट दुरुस्तीसाठी म्हणून विकला जाणारा घ्यावा.

धागाकर्तीचे उत्तर

दोघांचेही मनापासून आभार. प्रतिसाद १ मध्ये सुचवलेली चाचणी केली आणि धास्ती खरी ठरली. आवाजाचे पट्टे ठणठणीत आहेत. १ च्या पट्ट्यांवर मात्र माझ्या खोडरबराने दोन ठिकाणी तांबे उघडे पाडले आहे, जे भिंगातून पाहिल्यावर कळले. ‘शफल’ आणि ‘प्रोग्राम’ या दोन बटणांच्या टिकल्या काढून न्यूट्रल सीलंटने बसवल्या आणि पूर्ण दोन दिवस रिमोट कपाटावर ठेवला. आवाजाचे बटण आता नुसत्या स्पर्शाने चालते. १ चे बटण दहापैकी सात वेळा चालते, आणि सासऱ्यांच्या मते हे पुष्कळ झाले. मला ते पुरेसे वाटत नाही, म्हणून बोर्डासाठी लेप मागवला आहे. अडचण अशी की दोन कंगव्यांच्या दातांमधील फट अर्ध्या मिलिमीटरहून कमी आहे. लेप त्या फटीत उतरला तर पुन्हा फॉइलसारखाच घोटाळा होईल. तो नेमका कसा लावावा?

प्रतिसाद १ लिहिणाऱ्याचे उत्तर

ब्रश वापरू नका, दात कोरण्याची काडी ब्लेडने तासून तिचे टोक सुईसारखे करा. लेप फक्त उघड्या तांब्यावर, दाताच्या मध्यावर ठिपक्यासारखा टेकवा; तो कडेपर्यंत ओढण्याची गरज नाही, कारण टिकली वरून सगळ्यावर टेकणारच आहे. एका कंगव्याचा ठिपका पूर्ण सुकल्यावरच दुसऱ्याला हात लावा. लेप फटीत उतरलाच, तर सुकल्यानंतर तेवढाच भाग टाचणीने रेघ ओढल्यासारखा खरवडून काढता येतो. रिमोट बंद करण्यापूर्वी, सेल काढलेले असताना, १ च्या दोन कंगव्यांमधला रोध मोजा आणि शेजारच्या २ च्या कंगव्यांमधलाही मोजा. बटण न दाबता दोन्ही आकडे सारखेच आले पाहिजेत; १ चा आकडा त्याहून बराच कमी दिसला, तर फटीत कुठे तरी लेप राहिला आहे असे समजून पुन्हा भिंग घ्या.