मदत हवी आहे: मार्टिनूच्या डबल कॉन्चेर्टोत धास्ती कुठे आहे?

अर्धीमात्रा: शनिवारी आमच्या ऐकणाऱ्यांच्या गटात चेक संगीतकार बोहुस्लाव मार्टिनूवर वीस मिनिटं बोलायचंय. चरित्र लिहून झालं: १८९० साली पोलिच्कात चर्चच्या मनोऱ्यावरच्या खोलीत जन्म (वडील जोडे शिवायचे आणि वरून आगीवर नजर ठेवायचे), प्राग कॉन्झर्व्हेटरीतून हकालपट्टी, १९२३ला पॅरिसात संगीतकार रूसेलकडे शिकायला, १९४१ला अमेरिका. अडलंय त्याच्या 'डबल कॉन्चेर्टो' या रचनेवर. जो तो लिहितो, १९३८ची, म्यूनिक कराराच्या (चेकोस्लोव्हाकियाचा लचका हिटलरला दिला तो) दिवसांतली धास्ती त्यात आहे. चार वेळा ऐकला. मला नुसती लगबग ऐकू येते. नेमकं कुठे ऐकायचं? लवकर सांगा.

खर्जातला_सा: रेकॉर्डिंग कुठलं?

अर्धीमात्रा: यूट्यूबवरचं. त्याने काय फरक पडतो?

पोळपाट: धास्ती सोडा, 'ला रेव्ह्यू द क्विझीन' लावा. १९२७चा बॅले, सहाच वाद्यं, जाझची फोडणी. भांडं आणि झाकण यांचा संसार मोडायची वेळ येते, फडकं न् झाडूसुद्धा त्यात पडतात. आमच्याकडे मुलांनी परत लावायला सांगितलं.

जुनातंबोरा: लोकांना हसायला बोलावलंय का? ऐकवायचं तर दुसरा चेक संगीतकार यानाचेक, त्याची 'सिन्फोनिएत्ता' ऐकवा. मार्टिनूने चारशेच्या आसपास रचना केल्या. एवढं लिहिलं की पातळ होणारच.

पोळपाट: काका, मग ढिगानं लिहिणाऱ्या हायडनलाही काढा यादीतून. आणि प्रश्न मार्टिनूचा आहे.

दादरकर: अवांतर: आकाशवाणीची सकाळची धून ज्यांच्या नावावर आहे ते वॉल्टर कॉफमनही तिकडचेच ना? १९३४ला मुंबईत आले होते.

जुनातंबोरा: जन्म कार्लोव्ही व्हारीचा, १९०७. तेव्हा ते ऑस्ट्रिया-हंगेरीत. घरात जर्मन. चेक म्हणायचं का, यावर वेगळा धागा काढा, मी येतो भांडायला.

शुद्धशब्द: 'मार्टिनू'च्या चेक उच्चारात 'टि' नाही, जीभ टाळूला लावून 'त्यि'. शेवटचा ऊ दीर्घ, आघात पहिल्या अक्षरावर. शनिवारी निदान नाव तरी नीट घ्या.

खर्जातला_सा: अर्धीमात्रा, पियानो किती ऐकू येतात?

अर्धीमात्रा: दोन. डबल म्हणजे तेच ना?

खर्जातला_सा: तिथेच घोळ झालाय. डबल म्हणजे तंतुवाद्यांचे दोन वाद्यवृंद, आमनेसामने. सोबत एक पियानो आणि टिंपनी (मोठे नगारे), बस. स्विस वाद्यवृंद-संचालक पाउल झाखर यांच्यासाठी लिहिला, १९३८च्या सप्टेंबरात स्वित्झर्लंडमध्ये पूर्ण केला, १९४०ला बाझलला पहिल्यांदा वाजला. तुम्ही ऐकताय तो दोन पियानोंचा कॉन्चेर्टो, १९४३चा, अमेरिकेतला. हालब्राइखने केलेल्या मार्टिनूच्या रचनांच्या सूचीतला क्रमांक बघा: डबलचा एच २७१, दोन पियानोंचा एच २९२.

अर्धीमात्रा: २९२ निघाला. त्यावर दोन पानं लिहिली होती हो, 'पियानोंच्या झटापटीत म्यूनिकची सावली' वगैरे.

पोळपाट: वाचून दाखवा तरी, शनिवारी हसतील लोक.

खर्जातला_सा: २७१ लावा आणि सरळ मधल्या लार्गोवर, म्हणजे संथ भागावर जा. वाद्यवृंद गप्प होऊन पियानो एकटा पडतो ती जागा शोधा. बोलण्यापेक्षा तीच ऐकवा.

अर्धीमात्रा: लावला. थांबा जरा.

गिरिभ्रमण: पोलिच्काला कधी निघताय? त्या मनोऱ्याला १९३ पायऱ्या आहेत. गुडघ्याचा पट्टा सोबत घ्या.