नाताळच्या सुट्टीत मुलांसाठी कमी खर्चाचे काय करता येईल?

प्रश्न: डोंबिवलीची आई

आमच्या घरी नऊ वर्षांची मुलगी आणि पाच वर्षांचा मुलगा आहे. गेल्या नाताळात आम्ही त्यांना एका मॉलमध्ये नेले होते. माणशी तिकीट काढून आणि तासभर रांगेत उभे राहून सांताक्लॉजपाशी पोहोचलो, तेव्हा धाकट्याने मुखवट्याला घाबरून भोकाड पसरले. खाणेपिणे धरून तो एक फोटो आम्हाला अठराशे रुपयांना पडला. यंदा प्रवासासह पाचशे रुपयांच्या आत काही करावे असा विचार आहे. आम्ही ख्रिस्ती नाही, त्यामुळे चर्चमध्ये नुसते पाहायला गेलेले चालते का, हेही मला ठाऊक नाही. अजून पंधरा दिवस हाताशी आहेत. कृपया अनुभवाचे सांगावे.

उत्तर १: पापडीकर

ताई, आमच्या वसईत अवश्य या. चर्च पाहायला तिकीट नसते आणि कोणी धर्म विचारत नाही. प्रार्थना चालू असेल तर मागच्या बाकावर शांत बसावे, एवढेच. मात्र एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, कारण दरवर्षी कोणी ना कोणी गोंधळते. मिस्साबलिदानाच्या, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेच्या वेळी जी पवित्र भाकर देतात ती बाप्तिस्मा झालेल्या कॅथलिकांसाठी असते. ती प्रसादासारखी सर्वांना वाटली जात नाही, म्हणून मुलांना त्या रांगेत उभे करू नका. जागेवर बसून राहिलात तर कोणालाही गैर वाटणार नाही.

वसईत यायचे असेल तर २५ तारखेचा हट्ट धरू नका. त्या दिवशी घरोघरी पाहुणे असतात आणि रस्ते भरलेले असतात. येशूजन्माचे देखावे, ज्यांना आम्ही गोठे म्हणतो, सहसा ६ जानेवारीच्या तीन राजांच्या सणापर्यंत ठेवलेले असतात. मधला एखादा आडवार धरून दुपारी चारनंतर निघा, म्हणजे उजेडात गावे दिसतील आणि अंधार पडल्यावर रोषणाई. पापडी, गिरीज, नंदाखाल या बाजूला चर्चच्या आवारात आणि आळ्यांमध्येही तरुण मंडळी गोठे उभारतात. आमच्याकडची प्रार्थना आणि नाताळगीते मराठीत असल्यामुळे मुलांना शब्द कळतात. दिवा-वसई मार्गावर गाड्या मोजक्याच आहेत, तेव्हा परतीची गाडी आधी पाहून ठेवा. मुलांना लोकलला अर्धे तिकीट पडते. वसई रोडहून पुढे बस किंवा शेअर रिक्षा करा.

उत्तर २: हौशी किल्लेदार

माझे मत थोडे वेगळे आहे. पाच वर्षांच्या मुलाला दोन तास पाहत फिरण्यापेक्षा दहा दिवस मातीत हात घालणे अधिक आवडते. दिवाळीच्या किल्ल्याची माती टाकून दिली नसेल, तर गोठा घरीच करा.

किल्ल्याचा डोंगर करतो तसाच डोंगर करावा: विटा किंवा डबे रचून त्यांवर मातीच्या काल्यात बुडवलेले गोणपाट पसरायचे आणि त्याला चुण्या पडू द्यायच्या, म्हणजे कडे आपोआप दिसतात. पायथ्याशी बुटांचा खोका आडवा ठेवला की गोठा झाला. छपराला नारळाची शेंडी लावा. मरिया, योसेफ, मेंढपाळ आणि गाय-गाढव शाडूचे करता येतात. वाकडेतिकडे झाले तरी चालते. गव्हाणीत गवत घालून ती मात्र रिकामी ठेवावी आणि बाळ २४ तारखेच्या मध्यरात्री ठेवावे, अशी रीत आहे. आमच्या शेजारच्या फर्नांडिसकाकूंनी ती मला शिकवली, आणि मुलांच्या दृष्टीने साऱ्या खटाटोपातला तोच उत्कंठेचा भाग ठरतो. असा देखावा प्रथम संत फ्रान्सिस असिसीकर यांनी १२२३ साली इटलीतील ग्रेचो गावी केला. त्यांनी खरा बैल आणि खरे गाढव आणून उभे केले होते.

कुरणासाठी गहू पेरा. रात्रभर भिजवून मातीवर दाट पसरा, वर मातीचा पातळ थर द्या आणि रोज हाताने पाणी शिंपडा. घटस्थापनेला नऊ दिवसांत रुजवण किती वाढते ते आपल्याला माहीत आहेच, म्हणून १५ तारखेच्या आसपास पेरावे. कोपऱ्यात ठेवले तर कोंब पिवळे पडतात. हिरवे हवे असतील तर खिडकीजवळ हलवा. वर टांगायला दिवाळीतलाच चांदणीचा कंदील पुरे आहे. पतंगाचा कागद फाटला असेल तर तेवढा बदला. माझा खर्च गेल्या वर्षी ऐंशी रुपये झाला, त्यात पन्नास शाडूचे.

उत्तर ३: गिरगावचा आजोबा

किल्लेदारांशी मी सहमत आहे, पण थोरल्या मुलीसाठी एक फेरी सुचवतो. सीएसएमटीला उतरून चालत पंधरा मिनिटांवर, हॉर्निमन सर्कलजवळ, सेंट थॉमस कॅथेड्रल आहे. हे चर्च १७१८ साली नाताळच्याच दिवशी उपासनेसाठी खुले झाले. मुंबईच्या जुन्या किल्ल्याच्या तटाचा जो दरवाजा या चर्चच्या दिशेला होता तो चर्चगेट, आणि त्यावरूनच स्टेशनचे नाव पडले. मुंबईतले जुने मैलाचे दगडही इथून अंतर मोजून बसवलेले आहेत. नऊ वर्षांच्या मुलांना असली माहिती शाळेत मिरवायला आवडते.

आमच्या गिरगावातल्या खोताच्या वाडीतही आकाशकंदील पाहण्यासारखे असतात, परंतु ती लोकांची राहती घरे आहेत. व्हरांड्यात शिरून फोटो काढणारे हल्ली फार झाले आहेत, तेव्हा मुलांना हळू बोलायला सांगूनच आत जा.

घरी कुलकुल हा नाताळचा गोड तळणीचा पदार्थ करून पाहा. मैदा, थोडा रवा, साखर आणि गरम तुपाचे मोहन नारळाच्या दुधात घट्ट भिजवून अर्धा तास ठेवायचे. बोराएवढी गोळी काट्याच्या चमच्याच्या पाठीवर अंगठ्याने दाबून पसरायची आणि गुंडाळत खाली आणायची, की रेघारेघांचा शंख तयार होतो. शेवटची कड नीट चिकटवा, नाहीतर तो तेलात उलगडतो. तळणे मोठ्यांनी करावे.

डोंबिवलीची आई

सर्वांचे मनापासून आभार. वसईला २८ तारखेला येऊ. गहू भिजत घातले आहेत. अडचण एकच आहे: धाकट्याने गोठ्याभोवती पहाऱ्याला मावळे उभे करण्याचा हट्ट धरला आहे. हे कोणाला खटकेल का?

पापडीकर

मुळीच नाही, ताई. आमच्या भाच्याने एकदा डायनोसॉर ठेवला होता. फक्त तोफेचे तोंड गव्हाणीकडे नसावे.