ब्रिस्टलला 'जन्म' झाला म्हणे!

तबकडीवेडा
काल इथे कोणीतरी ठोकून दिलं की अमेरिकेतल्या कंट्री संगीताचा जन्म १९२७ मध्ये तिथल्याच ब्रिस्टल गावात झाला आणि व्हिक्टर या रेकॉर्ड कंपनीसाठी तिथे रेकॉर्डिंग करणारा राल्फ पीअर नसता तर ती गाणी तिथल्या डोंगरातच विरली असती. 'जन्म' वाचून डोकं फिरलं. टेक्ससचा रॉबर्टसन १९२२ मध्येच न्यूयॉर्कला व्हिक्टरसाठी फिडल, म्हणजे व्हायोलिन, वाजवून आला होता. १९२३ मध्ये अटलांटात फिडलिन जॉन कार्सन या फिडलवाल्या गवयाचं रेकॉर्डिंग खुद्द पीअरनंच केलं, आणि त्याला ते गाणं भिकार वाटलं! पोक ब्रॉकमन या तिथल्या फर्निचरवाल्यानं हट्टानं ५०० प्रती मागवल्या. हातोहात खपल्या, तेव्हा साहेब जागे झाले. फोनोग्राफ तेव्हा फर्निचरच्या दुकानात मिळे. रेकॉर्डच नसेल तर फोनोग्राफची पेटी कोण नेणार? थोडक्यात, 'शोध' लावला तो दुकानदारानं.

भोंगावाले काका
तारखा पाठ आहेत, कान आहेत का? कार्सन रेकॉर्डिंगच्या भोंग्यात तोंड घालून गायला. ब्रिस्टलला विजेचा मायक्रोफोन होता. कार्टर कुटुंबाच्या त्रिकुटातली मेबेल कार्टर अंगठ्यानं गिटारच्या खर्जाच्या तारांवर चाल वाजवते आणि वर ठेका धरते, ते भोंग्यात उतरलं असतं का? टोप्यांच्या कंपनीच्या इमारतीत मेणाच्या तबकड्या, मेबेलला आठवा महिना, त्रिकुटातल्याच साराचं तान्हं सोबत. एवढं करून आले ते गाण्यामागे ५० डॉलर रोख आणि वर रॉयल्टी मिळणार म्हणून. डोंगरातल्या गवयाला हे आधी कोणी दिलं होतं?

सीमेवरचा
मी उभा राहिलोय ब्रिस्टलच्या त्या स्टेट स्ट्रीटवर. एक पाय टेनेसीत, एक व्हर्जिनियात. टोप्यांची इमारत आता नाही. बाकी चालू द्या.

उखळ-मुसळ
रॉयल्टीचं कौतुक पुरे, काका. पीअर व्हिक्टरकडून पगार घेत नव्हता तो काय समाजसेवा म्हणून? गाण्यांचे हक्क त्याच्याकडे जात. आणि त्याच त्रिकुटातला ए. पी. कार्टर गावोगाव फिरून जुनी गाणी गोळा करी, खाली नाव स्वतःचं. सोबत लेस्ली रिडल हा काळा गिटारवाला असे. चाली तो लक्षात ठेवी, रेकॉर्डवर त्याचं नाव नाही.
माझ्या आत्याच्या जात्यावरच्या ओव्या एकानं घरी येऊन टेप केल्या. चहा पिऊन गेला. दोन वर्षांनी जत्रेत कॅसेट दिसली. वर 'पारंपरिक', खाली त्याचं नाव ठळक. आत्यानं ती ३५ रुपयांना विकत घेतली. स्वतःचीच ओवी!

भोंगावाले काका
वाईट झालं. पण आत्याबाईंनी तरी त्या ओव्या रचल्या होत्या का? त्यांच्या आईच्याच ना? मग 'पारंपरिक' चूक कसं?

उखळ-मुसळ
'पारंपरिक' होतं तर त्याचं नाव ठळक कशाला? पैसे परंपरेच्या खात्यात गेले का? आत्याला निदान एक कॅसेट फुकट द्यायची!

तबकडीवेडा
अहो, धागा ब्रिस्टलचा आहे.

उखळ-मुसळ
ब्रिस्टलचंच बोलतेय. तुम्हाला साल दिसतं, मला सही दिसते.

भोंगावाले काका
ठीक. हक्कांच्या बाबतीत पीअर लबाड होता, घ्या, मान्य! पण त्या लबाडानं डोंगर उतरवून आणला नसता तर आज भांडायला मेबेलची गिटार नसती. आणि तबकडीवेडे, गायक जिमी रॉजर्सचं काय? बँडच्या नावावरून साथीदारांशी बिनसलं म्हणून एकटाच ४ ऑगस्टला ब्रिस्टलमध्ये दोन गाणी गाऊन गेला. तोही त्या फर्निचरवाल्यानंच शोधला का?

तबकडीवेडा
नाही. तो भांडणानं शोधला. 'जन्म' खोडून 'बारसं' लिहा, मी गप्प बसतो.

उखळ-मुसळ
बारशाला नाव कोणी ठेवलं तेही लिहा. आत्येचा मान असतो.