वयाचं ओळखपत्र शाळेनेच द्यावं का? ठाणे-नवी मुंबईचे पालक, शिक्षक, बोला

नौपाड्याची आई
माझा मुलगा नववीत आहे. गेल्या महिन्यात त्याच्या दप्तरात सिगारेटचं अर्धं पाकीट सापडलं. घरात रडारड झाली, आरडाओरडा झाला. दुसऱ्या दिवशी मी टपरीवर गेले. "पंधरा वर्षांच्या पोराला दिलीतच कशी?" तर म्हणाला, "ताई, पोरगा माझ्याहून उंच आहे. आधार मागितलं तर गिऱ्हाईक शिव्या घालून पुढच्या टपरीवर जातं."

घरी येऊन त्याचं आयकार्ड हातात घेतलं. रक्तगट आहे, बसचा नंबर आहे, माझा मोबाईल आहे. जन्मतारीख नाही!

म्हणून माझं म्हणणं असं: आठवीपासून प्रत्येक मुलाला शाळेने वयाचं कार्ड द्यावं. फोटो, नाव, जन्मतारीख, शिक्का, बस्स. आधार क्रमांक नको, पत्ता नको. ब्रिटनमध्ये 'पास' होलोग्रामची अशी कार्डं चालतात. दारूला अट अठराची असली तरी पंचविशीच्या आतला दिसणाऱ्या कुणालाही कार्ड विचारायचं, असा तिथल्या अनेक दुकानांचा शिरस्ता आहे, त्यात कुणाला अपमान वाटत नाही. आपल्याकडे बिअर-वाईनला २१ आणि बाकी दारूला २५ वर्षांची अट, पण वय विचारतो कोण? मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरच्या अपघातात दोन जीव गेले. गाडी चालवणारा सतरा वर्षांचा होता आणि त्याआधी त्याला पबमध्ये दारू मिळाली होती, असं पोलिसांनीच सांगितलं.

वागळेकर
ताई, मुलाचं वाचून वाईट वाटलं. पण ही टपरी शाळेपासून किती लांब आहे? २००३ च्या तंबाखू कायद्याप्रमाणे शाळेच्या १०० यार्डांत, म्हणजे साधारण ९१ मीटरमध्ये, तंबाखू विकताच येत नाही. आणि गिऱ्हाईक अठराच्या वरचं आहे हे दाखवायची जबाबदारी विकणाऱ्याची आहे, पोराची नाही. तुम्ही कार्ड पोराच्या खिशात घातलंत की उद्या टपरीवाला म्हणेल, "त्याने दाखवलं नाही, मी काय करू?" आहे तो कायदा आधी वापरा. त्यातला दंड फक्त २०० रुपयांपर्यंत आहे, तो वाढवा म्हणून भांडा. मी तुमच्याबरोबर येतो.

नौपाड्याची आई
पावलं मोजली नाहीत, पण शाळेच्या गेटातून टपरीचा दिवा दिसतो.

ऐरोलीचे गुरुजी (निवृत्त मुख्याध्यापक)
मी जनरल रजिस्टर, म्हणजे शाळेची प्रवेशनोंदीची वही, वर्षानुवर्षं लिहिलं आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

जूनमध्ये खाणीवरच्या मजुरांची मुलं दाखल करायला यायची. जन्मदाखला नाही. वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, शिक्षण हक्क कायद्यात तसं स्पष्ट लिहिलेलं आहे आणि ते योग्यच आहे. मी आईला विचारायचो, "कधीचा जन्म?" ती सांगायची, "पावसाच्या आधी झालाय, गुरुजी." पावसाच्या आधी म्हणजे १ जून. मुलाचे दात बघायचे, शेजारी उभ्या भावाशी उंची ताडून पाहायची आणि वर्ष ठरवायचं. मग तारीख आधी अंकी, खाली अक्षरी. एकदा लिहिली की दुरुस्तीला शिक्षणाधिकाऱ्यांची मंजुरी लागते. आपल्या पिढीत १ जूनला वाढदिवस असणारी माणसं एवढी का, ते यातून कळेल.

आता त्या अंदाजावर शिक्का मारून कार्ड द्यायचं? २०१५ च्या बालन्याय कायद्यात वय ठरवताना शाळेचा आणि दहावीचा दाखला आधी पाहतात, म्हणजे माझ्या हातून एक वर्ष चुकलं तर एखाद्या पोराचा खटला कुठे चालेल ते बदलू शकतं. हे ओझं मला अजून जाणवतं. माझा कार्डाला विरोध आहे.

गोविंदा प्रशिक्षक, ठाणे
गुरुजी, तुमचा आदर राखून सांगतो, मला हे कार्ड हवं आहे. १४ वर्षांखालचं मूल हंडीच्या थरावर चढवायचं नाही, अशी हमी सरकारने २०१७ मध्ये उच्च न्यायालयात दिली आहे. वरच्या थराला हलकं पोर लागतं आणि मोह सगळ्याच पथकांना होतो. पालक मोबाईलवर आधारचा फोटो पाठवतात, त्यातला एक आकडा पुसट असतो. जन्मतारखेचा पुरावा म्हणून आधार धरू नये, असं सर्वोच्च न्यायालयानेही ऑक्टोबर २०२४ मध्ये शाळेच्या दाखल्याला महत्त्व देताना मानलं. मग मी विश्वास कशावर ठेवू? वरून पडणाऱ्या पोराचा आवाज मी ऐकलेला आहे.

कोपरखैरणेची बाई (शिक्षिका)
कार्ड करणार कोण? आम्हीच. 'अपार' क्रमांकासाठी, म्हणजे प्रत्येक विद्यार्थ्याच्या कायमच्या ओळख क्रमांकासाठी, आधारमधलं नाव आणि शाळेतलं नाव जुळवण्यात किती तासिका गेल्या ते आम्हाला विचारा. एका मुलीचं 'श्रध्दा' की 'श्रद्धा' यावरून पालकांना तीन फेऱ्या माराव्या लागल्या. दुसरं म्हणजे, सातवीत शाळा सोडून नाक्यावर कामाला लागलेल्या पोराला कार्ड कोण देणार? वय विचारायची सगळ्यात जास्त गरज त्याच्याच बाबतीत आहे.

नौपाड्याची आई
बाई, शाळा सोडलेल्या मुलाचा विचार मी केलाच नव्हता, हे कबूल करते. गुरुजींचं १ जूनही मनाला लागलं. मग नवं कार्ड राहू दे. आहे त्याच आयकार्डावर जन्मतारीख छापा, पण ज्यांचा महापालिकेचा जन्मदाखला शाळेने पाहिला आहे त्यांचीच. बाकीच्यांची जागा कोरी ठेवा. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्यांना तर जन्मदाखलाच मुख्य पुरावा आहे, पण ती मुलं आठवीत येईपर्यंत माझा मुलगा पंचविशी ओलांडेल.

ऐरोलीचे गुरुजी
एवढ्याला माझी हरकत नाही. मात्र दाखला पाहिल्याची नोंद रजिस्टरात सहीनिशी हवी. आणि कोऱ्या जागेवरून कुणा मुलाला हिणवलं जाणार नाही, हे वर्गशिक्षकांनी बघायचं.

वागळेकर
ताई, शनिवारी सकाळी शाळेच्या गेटाशी थांबा. मी टेप घेऊन येतो. ९१ मीटरच्या आत भरली तर तिथूनच महापालिकेत आणि पोलीस चौकीत अर्ज देऊ.