मुलगा सहावीपासून निवासी शाळेत जातोय, सुट्टीत त्याची काय तयारी करून घेऊ?

कळव्याची आई

नमस्कार. माझ्या मुलाचं साताऱ्याच्या सैनिक शाळेत सहावीसाठी नाव लागलंय. मेडिकल झालं, कागदपत्रं दिली, आता सोडायला जायचं तेवढं राहिलंय. शाळेने सामानाची यादी दिली आहे आणि त्यातलं बरंचसं जांभळी नाक्यावरून आणून झालंय. त्यामुळे पेटीत काय भरू, हे विचारत नाहीये.

माझी काळजी वेगळी आहे. पोरगा पाचवीपर्यंत मराठी माध्यमात शिकला. प्रवेश परीक्षासुद्धा त्याने मराठीतूनच दिली. त्या परीक्षेत ३०० पैकी १५० गुण एकट्या गणिताचे असतात, आणि गणितानेच त्याला तारलं. आता तिथे सीबीएसई, सगळं इंग्रजीतून. घरात तो एकटाच, अजून आजीजवळ झोपतो. भाजी म्हणजे बटाटा नाहीतर भेंडी, बाकी सगळं ताटात तसंच राहतं. सकाळी घाई असते म्हणून दप्तर मी भरते आणि बुटाच्या नाड्या आजी बांधून देते. आमचे हे म्हणतात, "तिथे गेला की आपोआप शिकेल." सासूबाईंना पेटी दिसली तरी रडू येतं.

ज्यांची मुलं अशा शाळेत आहेत किंवा ज्यांनी तिथे काम केलंय, त्यांनी कृपया सांगा. उरलेल्या सुट्टीत मी त्याच्याकडून नेमकं काय करून घेऊ?

ऐरोलीचा बाबा

ताई, आधी मनापासून अभिनंदन. २०२१-२२ पासून सगळ्या सैनिक शाळांत मुलींनाही प्रवेश मिळायला लागला. माझी मुलगी त्यानंतरच्या एका बॅचची, आणि तीही मराठी माध्यमातूनच गेलेली. म्हणून इंग्रजीपुरतं सांगतो.

गणित पक्कं असलेल्या मुलाला भाषा फार दिवस अडवत नाही. अडतं ते शाब्दिक उदाहरणांत आणि विज्ञानाच्या व्याख्यांत. एनसीईआरटीच्या वेबसाइटवर सहावीची पुस्तकं फुकट मिळतात. गणिताचं उतरवून घ्या आणि पहिली दोन-तीन प्रकरणं त्याच्याबरोबर बसून वाचा. लसावि, मसावि, अंश, छेद, परिमिती यांना इंग्रजीत काय म्हणतात, ते वहीच्या मागच्या पानावर त्याच्याच हाताने लिहून होऊ दे. अख्खं पुस्तक संपवायच्या मागे लागू नका, वर्गात तेच शिकवणार आहेत.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे वर्गात उभं राहून "सर, समजलं नाही" हे इंग्रजीत म्हणता आलं पाहिजे. आमची मुलगी उत्तर येत असूनही पहिली चाचणी होईपर्यंत गप्प बसायची. चुकीचं इंग्रजी बोललं तरी चालतं, हे तिला कुणी आधी सांगितलंच नव्हतं.

आणि संध्याकाळच्या प्रेपची, म्हणजे ठरलेल्या वेळी बसून स्वतः अभ्यास करायची, सवय लावा. प्रेप म्हणजे शिकवणी नव्हे. सर देखरेखीला असतात, पण वही आपली आपणच उघडायची असते. घरी रोज एक तास तो टेबलाशी आणि तुम्ही दुसऱ्या खोलीत, असं करून बघा.

नेरूळची मावशी

मी घाटावरच्या एका निवासी शाळेत बरीच वर्षं मॅट्रन, म्हणजे वसतिगृहात मुलांची देखभाल करणारी बाई, होते. आता निवृत्त होऊन नेरूळला लेकीकडे असते. पाचवी-सहावीची मुलं माझ्याच ताब्यात असायची, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

"आपोआप शिकेल" हे मला मान्य नाही. शिकतो, नाही असं नाही. पण ते शिकण्यात पहिला महिना जातो, आणि नेमकं त्याच महिन्यात त्याला नवी भाषा, नवे मित्र, नवे शिक्षक हे सगळं सांभाळायचं असतं. नाडी बांधता येईना म्हणून फॉल-इनला, म्हणजे रांगेत हजर व्हायला, उशीर झाला की पोर सगळ्यांसमोर बोलणी खातं, आणि मग पहिल्या तासाला फळ्यावर काय लिहिलंय ते त्याला दिसतसुद्धा नाही. इंग्रजी कच्चं म्हणून मागे पडलेली मुलं मी थोडी पाहिली. सकाळ जमत नाही म्हणून मागे पडलेली खूप पाहिली. तेव्हा ताई, आजपासून त्याची सकाळ त्याच्या स्वाधीन करा. गजर तो लावेल, पांघरुणाची घडी तो घालेल, बूट तो पुसेल, दप्तर तो भरेल. उशीर झाला तर होऊ दे, आत्ता सुट्टीच आहे. तुम्ही फक्त मध्ये पडू नका, आणि आजींनाही पडू देऊ नका.

आंघोळ एका बादलीत, आणि त्यातच चड्डी-बनियन आणि मोजे धुवायचे. मोजा पिळणं साधं वाटतं, पण लहान मुलं तो मुठीत धरून नुसता दाबतात. पाणी टाचेत राहतं, मोजा दुसऱ्या दिवशी दमट, आणि तसाच घातला जातो. आमच्याकडची मुलं मोजा नळाच्या तोटीला अडकवून दोन्ही टोकं एकत्र धरून पीळ द्यायची. तेवढं शिकवा. घाटावरच्या पावसात कपडे वाळता वाळत नाहीत, म्हणून पायाच्या बोटांमधली जागा रोज कोरडी करायची सवयही लावा, नाहीतर चिखल्या होतात. ओला टॉवेल पेटीत कोंबायचा नाही हे दहा वेळा सांगावं लागलं तरी सांगा.

कपड्यांवर मार्करने नाव लिहू नका, धोब्याच्या धुण्यात उडून जातं. दोऱ्याने घाला. हे काम आजींना द्या. त्यांचे हात चालू राहतील आणि मनालाही बरं वाटेल. पेटीच्या कुलपाची एक किल्ली त्याच्याजवळ, दुसरी हाउसमास्तर (वसतिगृहाची जबाबदारी असलेले शिक्षक) किंवा मॅट्रनकडे.

जेवणाचं म्हणाल तर हट्टाने पालक-दोडका भरवू नका. घरात सगळ्यांसाठी जे शिजेल तेच त्याच्या ताटात, वेगळा बटाटा नाही, एवढंच करा. मैदानावरून आल्यावर भूक अशी लागते की पोरं कारल्यालाही नाही म्हणत नाहीत. पेटीत लाडू-चिवड्याचे डबे मात्र भरू नका. मुंग्या लागतात, उंदीर येतात, आणि डब्यावरून भांडणं होतात ती वेगळीच.

झोपायला आजपासून वेगळं अंथरूण. आधी त्याच खोलीत, मग दुसऱ्या. आणि एक नाजूक गोष्ट, जी बरेच पालक लपवतात. मूल कधीमधी अंथरूण ओलं करत असेल, झोपेत चालत असेल, दमा असेल, तर सोडायला जाल तेव्हा मॅट्रनला बाजूला घेऊन सांगा. आम्हाला ठाऊक असलं की आम्ही रात्री उठवतो, चादर गुपचूप बदलतो, कुणाला पत्ता लागत नाही. ठाऊक नसलं तर सकाळी सगळ्या डॉर्मला कळतं. औषधंही चिठ्ठीसकट शाळेच्या दवाखान्यात द्या, पेटीत लपवून ठेवू नका.

आता सगळ्यांत गंभीर. मोठ्या मुलाने मारलं, पैसे किंवा वस्तू मागितल्या, नको तिथे हात लावला, किंवा कुणी मोठ्या माणसाने तसं केलं, तर ते सांगणं म्हणजे चहाडी नव्हे. हे त्याला स्पष्ट शब्दांत, पुन्हा पुन्हा सांगा. कुणाला सांगायचं तेही ठरवून द्या: आधी हाउसमास्तर किंवा मॅट्रन, त्यांनी ऐकलं नाही तर मुख्याध्यापक, आणि घरी तर कधीही. "सोसायला शीक, मर्द हो" असं घरातल्या कुणी म्हणत असेल तर त्यांना आत्ताच थांबवा. असं ऐकून आलेली मुलं महिनोन्महिने तोंड उघडत नाहीत, मी डोळ्यांनी पाहिलंय.

आठवण येणारच. दिवसा नाही येत, खेळ संपून प्रेप सुरू व्हायच्या मधल्या वेळात येते, आणि रविवारी दुपारी. पहिल्या फोनवर तो "मला घेऊन जा" म्हणेल. तेव्हा "बरं, बघू" म्हणू नका. तेवढ्या एका शब्दावर पोर रोज गेटकडे बघत बसतं. "आठवण येते का?" असंही विचारू नका. आज काय खेळलास, शेजारच्या पलंगावर कोण आहे, त्याचं गाव कुठलं, हे विचारा. मात्र तो भेदरलेला वाटला, बोलता बोलता गप्प झाला, तर त्याच दिवशी हाउसमास्तरांना फोन करा. रडणं वेगळं आणि भेदरणं वेगळं, आईला ते आवाजावरून कळतं.

वाशीकर, माजी विद्यार्थी

मावशींनी सगळंच सांगितलं. मी साताऱ्याच्याच शाळेचा. १९६१ साली सुरू झालेली ही देशातली पहिली सैनिक शाळा, तुमच्या मुलाला हे पहिल्या आठवड्यातच पाठ होईल!

दोनच गोष्टी जोडतो. एक, पळणं. सकाळची पीटी आणि संध्याकाळचे खेळ एकदम अंगावर आले की पहिले दिवस पाय भरून येतात. खारेगावच्या बाजूला रोज सकाळी बाबांबरोबर हळूहळू पळू दे, वेगाची गरज नाही. नवे काळे बूटही आत्तापासून मोजे घालून घरात वापरू दे, नाहीतर टाचेला फोड येतात आणि त्या फोडांवरच परेड करावी लागते.

दोन, प्रवास. रेल्वेने जाणार असाल तर सातारा स्टेशन गावात नाही, माहुलीला आहे. पेटी घेऊन रिक्षा करावी लागेल, तो वेळ धरा. गाडीने गेलात तर खंबाटकी घाटात कधी कधी खोळंबा होतो. उशिरा पोचलं की घाईघाईत निरोप होतो, ते टाळा.

कळव्याची आई

सगळ्यांचे खूप आभार. मावशी, तुमचं लिहिलेलं घरात मोठ्याने वाचून दाखवलं. हे गप्प बसून ऐकत होते, आणि सासूबाईंनी लगेच सुई-दोऱ्याचा डबा काढला. आज सकाळी नाडी त्याने स्वतः बांधली, सैल होती पण बांधली.

एकच विचारते. सोडायला आजींना न्यावं का? त्या तिथे रडतील याची मला भीती वाटते.

नेरूळची मावशी

न्या. त्याचा पलंग, जेवणाची जागा, मॅट्रन हे सगळं त्यांनी डोळ्यांनी बघितलं की घरी आल्यावर त्यांना झोप लागेल. न बघता राहिल्या तर नको नको ते मनात आणतील. रडल्या तरी चालेल, तिथे त्या दिवशी बऱ्याच आज्या रडत असतात. फक्त पलंगावर चादर घालायला लागल्या तर त्यांना थांबवा, ती त्यालाच घालू दे. आणि शाळा निघायला सांगेल तेव्हा निघा, गेटबाहेर रेंगाळू नका.

आजींना म्हणावं, आठवड्याला एक आंतरदेशीय पत्र टाका, मराठीतून. कळव्याच्या पोस्टात मिळेल. घरात काय शिजलं, गल्लीत कोण आलं-गेलं, असलं काहीही लिहा. फोन ठेवला की संपतो, पत्र त्याला पेटीत जपून ठेवता येतं.