मदत हवी आहे: क्योटोला पहिल्यांदा जातोय, स्टेशनजवळ राहू की गिऑनमध्ये?

वेताळटेकडी
नमस्कार मंडळी, जरा घाईत आहे. क्योटोला ४ रात्री राहायचंय, पहिलीच वेळ. दोन जागा बुक करून ठेवल्यात कारण व्हिसाच्या अर्जात पत्ते द्यायचे होते. एक स्टेशनच्या हाचिजो म्हणजे दक्षिण बाजूला साधं हॉटेल, दुसरं गिऑन या जुन्या वस्तीत जुनं लाकडी घर, माचिया म्हणतात ते. आता एक रद्द करायचंय आणि फुकट रद्द करायची मुदत उद्या रात्री संपतेय. बायकोला माचिया हवंय, मला काहीच ठरवता येत नाहीये, तीन दिवस व्हिडिओ बघतोय आणि प्रत्येकजण वेगळंच सांगतो. ज्यांनी तिथे प्रत्यक्ष राहून पाहिलंय त्यांनी प्लीज सांगा, कुठलं ठेवू?

मीरा_डोंबिवली
कधी जाताय, किती जण, बजेट काय, यातलं काहीच लिहिलं नाहीये हो. दोघंच असाल तर एक उत्तर, बरोबर लेकरंबाळं असतील तर दुसरं.

ओसाकाकर
माझं ऐका, दोन्ही रद्द करा आणि ओसाकात राहा. मी सहा वर्षं इथे आहे, भारतातून येणाऱ्या प्रत्येकाला हेच सांगतो. ओसाकातल्या उमेदाहून हानक्यू रेल्वेने क्योटो-कावारामाची पाऊण तास, तिकीट ४१० येन. जेआरची (जपान रेल्वे) स्पेशल रॅपिड गाडी पकडली तर ओसाका ते क्योटो स्टेशन अर्धा तास. मुंबईत लोक याच्या दुप्पट वेळ रोज लोकलमध्ये घालवतात. हॉटेलं जास्त, खायला जास्त, रात्री उशिरापर्यंत सगळं उघडं.

निहोंगो_पुणे
ओसाकाकर, तुम्ही तिथे राहता म्हणून तुम्हाला ते सोपं वाटतं, पहिल्यांदा येणाऱ्याला नाही. क्योतोची (क्योटो नाही हो, जपानीत 'तो' आहे, राहवलं नाही म्हणून सांगितलं) खरी मजा सकाळी आठच्या आत आहे. कियोमिझुदेरा देऊळ सहाला उघडतं, फुशिमी इनारी देवळाला तर दारच नाही, चोवीस तास जाता येतं. सातला त्या लाल तोरणांखालून चाललात तर पक्षी ऐकू येतात, दहाला गेलात तर फक्त गर्दीचे धक्के. ओसाकाहून चार माणसं आवरून निघेपर्यंत नऊ वाजतात. मी दोन वर्षं क्योतोत शिकायला होते, पाहुणे ओसाकात उतरले की त्यांचा अर्धा दिवस प्रवासातच जायचा.

हौशी_भटक्या
जेआर पास अजिबात काढू नका! ऑक्टोबर २०२३ मध्ये ७ दिवसांचा पास २९,६५० वरून थेट ५०,००० येन केला. टोकियो-क्योटो शिन्कान्सेन (बुलेट ट्रेन) एका बाजूचे साधारण १४,००० पडतात, म्हणजे जाऊन-येऊनसुद्धा पास वसूल होत नाही. आणि बॅगेची लांबी, रुंदी, उंची मिळून १६० सेंटिमीटरच्या वर गेली तर मागच्या मोठ्या सामानाच्या जागेसकट सीट आधी आरक्षित करावी लागते, नाहीतर गाडीत १,००० येन घेतात. घरीच टेपने मोजून घ्या.

वेताळटेकडी
पासचं मी विचारलंच नव्हतं पण बॅगांचं कामाला येईल, धन्यवाद. मीराताई, ४ जण आहोत. मी, बायको, मुलगा ९ वर्षांचा आणि आई. १७ ते २१ नोव्हेंबर. टोकियोहून येणार. बजेट रात्रीला ३० हजार येनपर्यंत सगळ्यांचं मिळून. ओसाका नको, क्योटोच बघायचंय. आता सांगा, स्टेशन की गिऑन?

मीरा_डोंबिवली
नोव्हेंबरचा तिसरा आठवडा म्हणजे मोमिजी, लाल पानांचा ऐन मोसम. तेव्हा हातातली दोन्ही बुकिंगं सोडून तिसरं शोधायला जाऊ नका, जे आहे त्यातलंच निवडा. आईंचं वय काय? चालणं कसं आहे?

वेताळटेकडी
७१. सपाटीवर व्यवस्थित चालते, रोज सोसायटीत पाच फेऱ्या मारते. गेल्या वर्षी उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, त्यामुळे जिना मात्र कठडा धरून, एकेक पायरी. हे लिहायचं सुचलंच नाही, आमच्या घरात आता सगळे त्याच वेगाने जिना उतरतात.

दोन_पिल्लांची_आई
थांबा, मग माचियाचं आधी ऐका. आम्ही दोन वर्षांपूर्वी क्योटोत अशाच घरात तीन रात्री राहिलो, माझ्या सासूबाई बरोबर होत्या. जिना म्हणजे जवळजवळ शिडी. पायरीवर आख्खं पाऊल मावत नाही, टाच बाहेर राहते. पायऱ्यांच्या खाली लाकडी खण केलेले असतात, दिसायला फार सुंदर, पण कठडा नाही, वरून एक दोरखंड सोडलेला. गाद्या वर आणि संडास खाली. पहिल्या रात्री अडीच वाजता सासूबाई बसून, एकेक पायरी घसरत खाली आल्या, मी खाली उभी राहून त्यांचे पाय धरत होते. दुसऱ्या रात्रीपासून त्यांना खालच्या खोलीत झोपवलं तर जमिनीवरच्या फुतोन गादीवरून उठता येईना, टेबलाचा आधार द्यावा लागला. सकाळी आतल्या छोट्या अंगणात ऊन यायचं, एकच नेचा आणि दगडाचं भांडं, तिथे चहा घेत बसायला सगळ्यांनाच आवडलं, सासूबाईंनासुद्धा. म्हणून माचिया वाईट असं मी म्हणणार नाही. पण गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या माणसाला नको. तुमच्या घराच्या फोटोत जिना दिसतोय का?

वेताळटेकडी
आत्ता उघडून पाहिलं. २२ फोटो आहेत, जिन्याचा एकही नाही. दोन मजली लिहिलंय, झोपायच्या दोन्ही खोल्या वर, न्हाणीघर खाली. बायकोलाही वाचून दाखवलं.

मीरा_डोंबिवली
झालं तर मग, उत्तर मिळालं.

ओसाकाकर
मी पुन्हा सांगतो, ओसाकात लिफ्टवालं हॉटेल, आणि क्योटोत फिरायला दिवसाची टॅक्सी

निहोंगो_पुणे
ते ओसाका नको म्हणालेत. मला विचाराल तर दोन्हीपेक्षा कारासुमा-ओइके. तिथे दोन सबवे एकमेकींना छेदतात, उत्तर-दक्षिण कारासुमा लाइन आणि पूर्व-पश्चिम तोझाई लाइन. क्योतो स्टेशनपासून तिसरं स्टेशन. निजो किल्ला एका स्टेशनवर, नान्झेनजी देवळासाठी केआगे चौथं स्टेशन, निजोला उतरून जेआर बदललीत की साग-आराशियामा. स्टेशनांना लिफ्ट, आणि बसची वेळच येत नाही. संध्याकाळी निशिकी बाजार चालत. स्टेशनच्या हाचिजो बाजूला रात्री बाहेर पडून बघायला काय आहे?

इलेक्ट्रिकवाला
हाचिजो बाजूला इऑन मॉल आहे, चालत पाच-सात मिनिटं, खाली सुपरमार्केट. मुलाला दूध, केळी, दही, सगळं मिळतं. बघायला नसेल पण बरोबर म्हातारं माणूस आणि लहान मूल असताना हेच लागतं.

निहोंगो_पुणे
सुपरमार्केट सगळीकडेच असतात, ते काही राहण्याची जागा ठरवायचं कारण नाही. मीराताईंचं मात्र बरोबर आहे, आता त्या तारखांना चौघांची खोली शोधणं अवघड. तरी बघायला काय हरकत आहे?

वेताळटेकडी
दोन तास शोधलं, कारासुमाला जे मिळतंय ते बजेटच्या बरंच वर. एक विचारतो, बस इतकी वाईट आहे का? स्टेशनवरून गिऑन, कियोमिझूला सगळे बसनेच जा म्हणतात. आणि जेवणाचं काय? आई शाकाहारी, अंडंही नाही, शिवाय चातुर्मास पाळते, कार्तिकी एकादशीपर्यंत कांदा-लसूण बंद, आणि एकादशी नेमकी त्याच आठवड्यात येतेय. इलेक्ट्रिक कुकर घेऊन जाऊ का इथून?

इलेक्ट्रिकवाला
कुकर नेऊ नका. जपानमध्ये १०० व्होल्ट आहे, आपला कुकर २३० चा. व्होल्टेज निम्म्याहून कमी झालं की उष्णता निम्मी होत नाही, वर्गाच्या प्रमाणात पडते, म्हणजे जेमतेम पाचवा हिस्सा. खिचडी तासाभराने नुसती कोमट झालेली असेल. पिना पण चपट्या दोन लागतात, आपल्या गोल चालत नाहीत. फोनचा चार्जर १०० ते २४० वर चालतो, त्याला फक्त अडॅप्टर घ्या. खोलीत पाणी तापवायची केटली बहुतेक असतेच, गरम पाणी घालून होणारे पोहे-उपमा न्या आणि कांदा नसलेलं पाकीट बघून घ्या.

निहोंगो_पुणे
जेवणाचं नीट सांगते कारण इथे लोक फसतात. भाजीची दिसणारी गोष्टसुद्धा दाशी नावाच्या रश्शात शिजवलेली असते आणि दाशीत बहुतेक वेळा कात्सुओबुशी म्हणजे वाळवलेला मासा. मिसो सूप, उदोनचा रस्सा, उकडलेला पालक, सगळ्यात. 'शाकाहारी आहे' म्हटलं तर ते मांस काढतात, दाशी तशीच राहते. म्हणून 'दाशीत मासा आहे का' असंच विचारायचं, फोनवर जपानीत लिहून दाखवा. आईंसाठी मात्र क्योतोत एक फार चांगली सोय आहे, शोजिन-र्‍योरी, झेन देवळांतलं जेवण. त्यात मांस-मासे तर नाहीतच, कांदा-लसूणही वर्ज्य, त्यांचा नियम आपल्या चातुर्मासासारखाच. आराशियामाला तेन्र्यूजी देवळात शिगेत्सु म्हणून जागा आहे, फक्त दुपारचं, तबकात छोट्या छोट्या वाट्या मांडून देतात. बैठक जमिनीवरची असते, आईंसाठी खुर्ची मिळेल का ते आधी विचारून ठेवा.

दोन_पिल्लांची_आई
बसचं मी सांगते. मागच्या दाराने चढायचं, पुढच्या दाराने उतरायचं आणि उतरताना पैसे टाकायचे, २३० येन सपाट. लाल पानांच्या दिवसांत बस स्टेशनवरच भरते, मग मधल्या स्टॉपवर मागून चढलेल्या माणसाला पुढच्या दारापर्यंत पोचताना जो घाम फुटतो तो आईंच्या गुडघ्याला झेपणार नाही. पेटीत बरोब्बर सुटे टाकावे लागतात, ते आधी मोडून ठेवा नाहीतर कार्ड वापरा. पण तुम्ही चौघं आहात ना? तीन मोठे आणि एक लहान म्हणजे बसचेच ८१० येन झाले. त्यात थोडी भर घालून स्टेशनवरून टॅक्सीच करा, कियोमिझूच्या चढाला तर नक्की. टॅक्सीचं दार आपोआप उघडतं, हात लावायचा नाही, मुलाला आधीच सांगून ठेवा.

हौशी_भटक्या
एक सुचवू का, क्योटोत चार रात्री जास्त होतात. एक दिवस ओकायामा करा, शिन्कान्सेनने तासाभरावर. तिथली कोराकुएन बाग बघा, सिंहगड रोडवरचं पु. ल. देशपांडे उद्यान तिच्यावरूनच केलंय. आईंनी पुण्यातली बघितली असेल तर मूळ बघून आनंद होईल, सगळी वाट सपाट आहे.

मीरा_डोंबिवली
अहो त्यांना आधी राहायचं ठरवू द्या. वेताळटेकडी, २१ ला परत टोकियो का?

वेताळटेकडी
नाही, २१ ला कान्साई विमानतळावरून सकाळी साडेदहाचं विमान.

निहोंगो_पुणे
हे पहिल्याच पोस्टमध्ये सांगायला हवं होतं! मी माझं कारासुमा-ओइके मागे घेते. साडेसातला विमानतळावर पोचायचं तर सहाच्या सुमाराला क्योतोतून निघावं लागेल. हारुका एक्स्प्रेस क्योतो स्टेशनवरूनच सुटते, ३० नंबरचा प्लॅटफॉर्म, सव्वा ते दीड तास. पहाटे काळोखात बॅगा, मूल आणि आई घेऊन सबवे बदलत बसू नका. स्टेशनचंच हॉटेल ठेवा. फक्त ३० नंबर उत्तरेकडच्या कारासुमा बाजूला आहे आणि तुमचं हॉटेल दक्षिणेला, स्टेशन आरपार ओलांडावं लागेल. आदल्या संध्याकाळी एकदा लिफ्ट कुठे आहेत ते बघून या.

ओसाकाकर
ओसाकातून कान्साई आणखी जवळ पडतं, पण ठीक आहे, या केसमध्ये स्टेशन मान्य. टोकियोच्या हॉटेलातून मोठ्या बॅगा ताक्क्युबिनने (सामान पोचवणारी कुरियर सेवा) पुढे पाठवून द्या, दुसऱ्या दिवशी क्योटोच्या हॉटेलात पोचतात. मग शिन्कान्सेनमध्ये १६० सेंटिमीटरची भानगडच नाही आणि तुमचा एक हात आईंसाठी मोकळा. एका रात्रीचे कपडे आणि औषधं तेवढी जवळ ठेवा.

मीरा_डोंबिवली
रूमचं एकदा परत वाचा. 'सेमी-डबल' लिहिलं असेल तर पलंग १२० ते १४० सेंटिमीटर रुंद असतो, दोन मोठ्या माणसांना ती शिक्षा. ट्विन म्हणजे दोन वेगळे पलंग असलेली घ्या. स्मोकिंगच्या रूम अजून असतात, बुकिंगवर काय लिहिलंय ते बघा. आणि क्योटोचा राहण्याचा कर १ मार्च २०२६ पासून वाढलाय, माणशी ६,००० ते २०,००० च्या आतल्या भाड्याला रात्रीला ४०० येन माणशी. तो बहुतेक तिथे काउंटरवर घेतात, बुकिंगच्या रकमेत धरलेला नसतो.

वेताळटेकडी
सगळ्यांचे मनापासून आभार. आत्ता माचिया रद्द केलं, पैसे पूर्ण परत. स्टेशनचं ठेवलं, दोन ट्विन खोल्या, एकात आई आणि मुलगा. एकाच मजल्यावर द्या म्हणून हॉटेलला मेल टाकला होता, तासाभरात 'हो' म्हणून उत्तर आलं. बायकोसाठी एक संध्याकाळ गिऑनमध्ये ठेवलीये, टॅक्सीने जाऊ. तेन्र्यूजीचं जेवण आईला वाचून दाखवलं तर तिने दोनदा विचारलं, खरंच कांदा नसतो का म्हणून. स्टेशनजवळ तिला चालत किंवा टॅक्सीने बघता येईल असं अजून काही आहे का?

दोन_पिल्लांची_आई
गिऑनमध्ये मोठ्या रस्त्यानेच फिरा, २०२४ पासून काही खासगी गल्ल्यांत पर्यटकांना बंदी आहे, १०,००० येन दंडाच्या पाट्या लावल्यात.

निहोंगो_पुणे
आईंना सांजुसान्गेन्दो देवळात न्या, स्टेशनवरून टॅक्सीने अगदी जवळ. १२० मीटर लांब एकच लाकडी दालन, त्यात कान्नोन या करुणेच्या बौद्ध देवतेच्या १,००१ मूर्ती, आणि त्यांच्या पुढे रक्षक म्हणून २८ देव उभे आहेत, त्यातले कितीतरी आपलेच. ब्रह्मा तिथे बोन्तेन, इंद्र ताइशाकुतेन, आणि बासरी वाजवणारा गरुड आहे, त्याला कारुरा म्हणतात. पंख बघून आई पाटी न वाचता ओळखतील. आत फोटो काढू देत नाहीत. चपला दाराशी काढायच्या आणि नोव्हेंबरात ती लाकडी जमीन बर्फासारखी गार असते, त्यांच्यासाठी जाड मोजे पर्समध्येच ठेवा, बॅगेत नको.