डिसेंबरपेक्षा ऑक्टोबर बरा

आल्प्समध्ये खादाडी करायची तर ख्रिसमस बाजारांच्या वेळीच जावं, असा बहुतेकांचा सूर असतो. मला नाही पटत. इटलीच्या उत्तर टोकाला, दक्षिण टिरोलमध्ये, ऑक्टोबर-नोव्हेंबरात जा. तेव्हा तिथे ‘ट्योर्गेलन’ चालू असतं. ‘टोर्गल’ म्हणजे द्राक्षं पिळायचं यंत्र, त्यावरून हे नाव. शेतकऱ्यांच्या घरीच जेवायला बसायचं: जवाचं सूप, सॉसेज, आंबवलेला कोबी, आणि शेवटी भाजलेले चेस्टनट नि नवी वाईन. आयझाक खोऱ्यात हा प्रकार सगळ्यात रंगतो. जागा आधी सांगून ठेवा, आयत्या वेळी मिळणं कठीण.

शाकाहारी मंडळींनी ‘श्लुट्सक्राप्फन’ मागावेत. दिसायला हुबेहूब आपली करंजी, पण तळलेली नाही, उकडलेली. आत पालक आणि पनीरासारखं मऊ चीज, वरून वितळलेलं लोणी. (क्न्योडल म्हणजे ब्रेडचे उकडलेले गोळे, त्यांत मात्र बऱ्याचदा श्पेक, म्हणजे धुरावलेलं डुकराचं मांस असतं. विचारून घ्या.)

याच भागातल्या ब्रिक्सन शहरात कॅथेड्रलसमोरच्या चौकात याच सुमारास ब्रेड आणि श्ट्रूडलचा (सफरचंद वगैरे भरलेल्या पातळ पापुद्र्यांच्या गुंडाळीचा) बाजार भरतो. तिथला ‘श्युटेलब्रोट’ हा राय नावाच्या धान्याचा कडक, पातळ ब्रेड जरूर घ्या. त्यात मेथीच्या कुळातली एक वनस्पती घालतात, त्यामुळे वास एकदम ओळखीचा वाटतो. खाकऱ्यासारखा टिकतो, त्यामुळे घरी आणायलाही सोयीचा. इथल्याच बोल्झानो शहरातली फळबाजाराची गल्ली छान आहे, पण रविवारी जाऊ नका, बंद असते.